उदी आणि ऊदा

गेल्या वर्षी महाशिवरात्रीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, बीदरजवळच्या ठाणाकुशनूरच्या गंगाक्कांनी शेजारच्या शाहीनआपांच्या डोक्यावर शेवटचा मग ओतला. वीस दिवसांपूर्वी शाहीनआपांचे केस काळे होते. त्या सकाळी पाणी निथळलं तेव्हा ते राखेच्या रंगाचे होते. हे काम पार्लरमध्ये झालं नाही. अक्कांच्या मागच्या अंगणात, शहाबादी फरशीवर, लाकडी पाटावर बसवून झालं. तिथं चार माणसं हजर होती: त्या दोघी, अक्कांचे मालक बसवंतप्पा आणि मी.

भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा दहा वाजून नऊ मिनिटं झाली होती. ते घड्याळ चार मिनिटं पुढं असायचं आणि ते नीट करायचं नाही, असा अक्कांचा हुकूम होता. "हातचे चार ऱ्हाऊ द्या," त्या म्हणायच्या. या लेखातल्या अंगणातल्या वेळा, फरशीवर लिहिलेल्यासुद्धा, चार मिनिटं वजा करून दिल्या आहेत.

मी त्या वेळी एका मराठी दैनिकाची वार्ताहर होते आणि अक्कांच्या घराची मागची खोली माझ्याकडं होती. खोलीची खिडकी अंगणात उघडायची. पुढचं बरंचसं त्या खिडकीतून पाहिलेलं आहे. जे पाहिलं नाही ते दोघींना वेगवेगळं विचारलं आणि जुळलं तेवढंच घेतलं.

अक्का छप्पन्न वर्षांच्या होत्या. उंची बेताची, चाल तुरुतुरु, कपाळावर इबित्तीचे, म्हणजे भस्माचे, तीन आडवे पट्टे, पदर कमरेला खोचलेला. घर लिंगायताचं, शेतीचं. त्या मोजायच्या कानडीत आणि रागवायच्या मराठीत. कामाला बसल्या की ओठांतल्या ओठांत "ऒंदु, एरडु, मूरु" चालायचं आणि मध्येच कुणाचा हात बाटलीला लागला की "आगं, मागं सर की! डोळे हायत का बटनं?"

केसांचा रंग हलका करण्याचं काम त्या मोबाइलवरच्या व्हिडिओंवरून शिकल्या. व्हिडिओ त्या आवाज बंद करून बघायच्या. मी कारण विचारलं.

"आवाज आयकला की मानूस तोंडाकडं बगतंय. मला हात बगायचेत."

एकच व्हिडिओ त्या दहा-दहा वेळा बघायच्या. हात कुठं थांबला, ब्रश कुठून सुरू झाला, बट किती जाड घेतली. एवढं बघून झालं की पहिल्यांदा आवाज लावायच्या आणि बोलणारीला तपासायच्या. "ही म्हनतीय अर्ध्या बोटावर सोड, आनि स्वता मुळापासून लावायलीय. खोटारडी."

गावातल्या मुली त्यांच्याकडं केसांना तांबूस झाक आणून घ्यायला यायच्या. अक्का प्रत्येकीला आधी एकच धडा द्यायच्या. काळा केस एकदम हलका होत नाही. तो वाटेनं जातो. या वाटेच्या रंगांना त्यांनी स्वतःची नावं दिली होती: आधी चिंच, मग वीट, मग पळस, मग हळद, आणि सगळ्यात शेवटी केळीच्या सालीची आतली बाजू. "तुला कुटं उतरायचंय ते आदी सांग," त्या विचारायच्या. "पळसावर उतरायचं आनि मग रडायचं, असं चालत न्हाई. पळसावर कुनालाच उतरायचं नसतंय, पन निम्म्या पोरी तितंच उतरत्यात."

त्यांच्याकडं फडकं, प्लास्टिकची वाटी, ब्रश आणि खडू असायचा. धातूचं भांडं या कामाला चालत नाही, म्हणून वाटी प्लास्टिकची. खडू वेळ लिहायला. ब्लीच लावलं की पाटाशेजारच्या फरशीवर त्या मोठ्या अक्षरात लिहायच्या: "लावलं" आणि पुढं वेळ. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून उजेडात धरायच्या. धुवून झालं की ओल्या बोटानं अक्षरं पुसायच्या. पुसल्याशिवाय गिऱ्हाइकाला पाटावरून उठू द्यायच्या नाहीत. शहाबादी फरशीवर खडू छान उठतो. त्या अंगणात रोज काहीतरी लिहिलेलं असायचं.

आणखी एक वस्तू म्हणजे आगपेट्या. काम घेण्याआधी अक्का मानेजवळून, आतल्या बाजूनं, बोटभर लांबीची एक बारीक बट कापून घ्यायच्या. तिला त्या 'शीत' म्हणायच्या. शितावरून भाताची परीक्षा, म्हणून शीत. ते वाटीत भिजवायच्या, वेळ लावून बघायच्या आणि वाळवून रिकाम्या आगपेटीत ठेवायच्या. वर नाव, गाव आणि मिनिटं. कपाटाच्या खालच्या फळीत अशा पेट्यांच्या चळती होत्या. बसवंतप्पा एकदा चूल पेटवायला गेले आणि ओळीनं चार पेट्या उघडून चारही वेळा केसच निघाले. ते अंगणात येऊन म्हणाले, "आख्ख्या गावचे केस घरात हायत, एक काडी न्हाई."

शिताचं महत्त्व जनवाड्याच्या एका बाईंमुळं गावाला कळलं. त्या भाचीच्या लग्नाआधी आल्या. अक्कांनी विचारलं, "मेंदी?" बाई म्हणाल्या, "न्हाई." अक्कांनी पुन्हा विचारलं. "न्हाई हो अक्का." तिसऱ्यांदा विचारलं. बाईंनी गळ्याची शपथ घेतली. अक्कांनी शीत कापलं, वाटीत टाकलं. तीन मिनिटांत वाटी गरम झाली. अक्कांनी ती वाटी बाईंच्या तळहातावर टेकवली.

"लागलं?"

"आयो, चटका बसला की!"

"हे टकुऱ्यावर पायजे का?"

बाई घाबरल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी मेंदी न्हाई लावली, खरंच. मी काळी मेंदी लावते."

अक्कांनी वाटी बाजूला ठेवली. त्यांनी बाईंना चहा पाजला, पोहे खाऊ घातले आणि केसांना हात न लावता बसला बसवून दिलं. बाईंनी जनवाड्यात जाऊन अक्कांच्या नावानं बरंच काही सांगितलं. पुढच्या महिन्यात जनवाड्याहून तीन बायका आल्या. तिघींनीही आपापली बट घरूनच कापून, दोऱ्यात बांधून आणली होती.

सोमवार हा अक्कांचा पांढऱ्या कपड्यांचा दिवस. बसवंतप्पा पांढऱ्या सदऱ्याशिवाय घराबाहेर पडत नसत. सदरे धुऊन झाले की शेवटच्या पाण्याला नीळ. नीळ घालण्यात अक्कांचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. त्यांचा नियम होता: "नीळ दिसली की समजायचं, नीळ जास्त झाली." हा नियम पुढं कामाला येणार होता. तेव्हा ते कुणाला माहीत नव्हतं, अक्कांनाही नाही.

माघ महिन्यात एकदा त्या ब्लीच पावडर आणायला बीदरला गेल्या. दुकानाशेजारी एक मोठं पार्लर आहे. काचेवर कागद होता: केसांच्या रंगकामासाठी अनुभवी हात पाहिजे. अक्का पिशवीसकट आत गेल्या. आत दोन मुली आणि मालकीण मॅडम होत्या. मॅडमनी विचारलं, "कुठं शिकलात?"

"अंगनात," अक्का म्हणाल्या.

मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी परीक्षा सांगितली: एक काळं डोकं ऐश शेडचं करून आणायचं. पिवळी झाक नको. तुटलेला केस नको. घरी करा, कुठंही करा, पण शिवरात्रीनंतरच्या सोमवारी दुपारी एकच्या आत माणूस समोर उभा पाहिजे. एकनंतर त्या दुसऱ्या मुलीला होकार देणार होत्या.

अक्का त्या दिवशी बसमधून उतरल्या त्या जवळजवळ पळतच गल्लीत शिरल्या. "ऐश म्हंजे काय म्हायतीय का?" त्यांनी मला खिडकीतून विचारलं. "राख! मी इचारून आले. राख म्हंजे उदी. मला उदी डोकं करायचंय!" मग त्या चुलीपाशी गेल्या आणि तुराटीची थंड राख बशीत घेऊन आल्या. ती बशी पुढचे सगळे दिवस खिडकीच्या कट्ट्यावर होती. येता-जाता त्या तिच्याकडं बघायच्या. "तुराटीची राख बग कशी हाय. पांडरी न्हाई, काळी न्हाई, पिवळी तर न्हाईच न्हाई."

बसवंतप्पांना हे पसंत नव्हतं. ते शांत गृहस्थ. ओसरीवर बसून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. त्या संध्याकाळी त्यांनी पेपर घडी करून ठेवला.

"घरात करायलीस, मी काय बोललो का? पन बीदरला जाऊन लोकांची डोकी धुनार? हे काम आपलं न्हाई."

"कामून न्हाई?" अक्का म्हणाल्या. "कायक कायक म्हनून तुमी सभेत माना डोलवता. कायक म्हंजे हातचं काम. त्यात लोकांचं आनि आपलं कुटलं आलं?"

बसवंतप्पांनी पेपरची घडी उघडली आणि पुन्हा घातली. मग म्हणाले, "एकदा जा. एकदाच. जमलं न्हाई तर ह्या अंगनात परत ब्रश दिसला न्हाई पायजे. ना बीदरला, ना हितं."

"व्हय," अक्का म्हणाल्या.

मी खिडकीत होते. त्यांनी 'व्हय' म्हणायला एक क्षणही घेतला नाही. नंतर त्या पाण्याचा हंडा उचलायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या, एवढं मी पाहिलं.

आता डोकं पाहिजे होतं. अक्का गल्लीतल्या प्रत्येक घरी गेल्या. अडचण एकच निघाली. प्रत्येक घरात मेंदी होती, नाहीतर काळी मेंदी. सोळा घरांत मेंदी न लागलेलं एकच डोकं सापडलं आणि ते भिंतीला लागून होतं. शाहीनआपांना मेंदीच्या वासानं शिंका यायच्या. स्वतःच्या लग्नातही त्यांनी फक्त हाताला मेंदी लावली होती आणि कबूल म्हणताना तीनदा शिंकल्या होत्या, असं त्या स्वतःच सांगायच्या.

शाहीनआपा शिलाईचं काम करायच्या. वय बावन्न. त्या आणि अक्का अठ्ठावीस वर्षं शेजारी होत्या. अक्का मराठीत बोलायच्या, आपा दखनीत उत्तर द्यायच्या. इतक्या वर्षांत दोघींपैकी कुणी आपली बोली सोडली नव्हती. गरज पडली नव्हती.

"मेरे सर पो तो दुपट्टा रैता," आपा म्हणाल्या. "नीचे काला है के पीला है, कौन देखरा?"

"मग तुजं काय जातंय?"

"कुछ नै जाता. इसीच लिए तो हौ बोलरी."

थोड्या वेळानं त्या पुन्हा भिंतीपाशी आल्या. "गंगा, सुन. मेरेकू बी देखना है, मैं कैसी दिखती."

कानामागं ब्लीचचा थेंब लावून दोन दिवस वाट बघितली. आग नाही, पुरळ नाही. शीत कापून बघितलं. ते केळीच्या सालीपर्यंत गेलं आणि तुटलं नाही. अक्कांनी ते शीत दोन्ही हातांनी ताणून माझ्या खिडकीत आणून दाखवलं. "बग! वड! जोरात वड!" मी ओढलं. ते तुटलं नाही. अक्कांनी टाळी वाजवली.

पहिली बैठक शिवरात्रीच्या बऱ्याच आधी झाली, कारण काळे केस एका बैठकीत तिथवर नेले तर ते जळतात. पहिल्या दिवशी केस पळसावर थांबवले. त्या वेळी शिवारात पळस फुललेला होता आणि दोन्ही रंगांत फरक नव्हता. आपांना आरसा दिला. त्या पोट धरून हसल्या. पुढचे वीस दिवस त्या तसंच डोकं घेऊन ब्लाउज शिवत राहिल्या. कुणाला पत्ता लागला नाही. भिंतीपाशी आल्या की अक्कांना हळूच म्हणायच्या, "दुपट्टे के नीचे होली चलरी." अक्का रोज रात्री जेवणाआधी त्यांच्या केसांना खोबरेल चोळायच्या आणि एकेक टोक बघायच्या.

शेवटच्या आठवड्यात आपा अस्तर आणि दोरे आणायला बीदरला निघाल्या. अक्कांनी भिंतीवरून सांगितलं, "ब्लीच झाल्यावर लावायची उदी ट्यूब आन. टोनर म्हन. उदी. इसरू नको."

"ऊदी ट्यूब. हौ."

ट्यूब आली. दोऱ्यांच्या पिशवीत, कागदात गुंडाळलेली. अक्कांनी ती कपाटात ठेवली. त्या आठवड्यात त्यांनी पावडर तपासली, पावडरीत कालवायच्या डेव्हलपरच्या बाटलीवरची तारीख तपासली, हातमोजे फुगवून भोकं आहेत का बघितलं, बसची वेळ तीन जणांना विचारली. फक्त ट्यूब उघडून बघितली नाही.

सोमवारी साडेसातला काम सुरू झालं. डोक्याचे चार भाग. मुळापासून अर्धं बोट सोडून आधी खालचे केस. मुळं शेवटी, आठ वाजून पाच मिनिटांनी, कारण डोक्याच्या उष्णतेनं ती लवकर हलकी होतात. फरशीवर दोन ओळी होत्या: "लावलं ७.३०" आणि "मूळ ८.०५". बसवंतप्पा ओसरीवर होते. पेपर उघडा होता, पण पान उलटलं जात नव्हतं. साडेआठला धुतलं. केस केळीच्या सालीच्या आतल्या रंगाचे होते, वरपासून खालपर्यंत एकसारखे. अक्का अंगणात गोल फिरल्या. "आली! केळी आली!"

आठ वाजून पन्नास मिनिटांनी त्यांनी ट्यूब उघडली. आतून पिकलेल्या जांभळाच्या रंगाची क्रीम बाहेर आली.

"हे काय आनलीस?"

"ऊदी ट्यूब."

"ही उदी हाय? ही जांबळी हाय!"

"तो? ऊदी बोले तो यईच ना! अंधी है क्या तू?"

अंगणात जे झालं ते असं. मराठीत उदी म्हणजे राखेचा रंग. दखनीत ऊदा म्हणजे जांभळा, आणि ट्यूब बाईमाणूस, म्हणून ऊदी. अठ्ठावीस वर्षांत हा एक शब्द दोघींमध्ये कधी आला नव्हता. नंतर मी त्या दुकानदारालाही विचारलं. तो म्हणाला, बाईंनी ऊदी ट्यूब मागितली, मी जांभळी दिली. तिचा उपयोग काय, हे त्यालाही सांगता आलं नाही. अक्कांना तरी कुठं माहीत होतं? तोवरची त्यांची कामं विटेवर किंवा फार तर पळसावर थांबलेली. अख्खं डोकं केळीपर्यंत त्यांनी पहिल्यांदाच नेलं होतं.

"मला राख पायजे गं! राख!" त्यांनी खिडकीतली बशी उचलून आपांसमोर धरली. "हे! हे पायजे! जांबळं डोकं घिऊन जाऊ का मॅडमपुडं?"

"तो राख बोलना था ना! ऊदी कायकू बोली?"

"आमच्यात उदीच म्हनतेत!"

"हमारे में बी ऊदीच बोलते!"

बस साडेदहाला होती. तशी ट्यूब गावात मिळण्यासारखी नव्हती. अक्का पायरीवर बसल्या. कामाच्या वेळी त्यांना बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. आपांच्या पिवळ्या केसांतून पाणी टपकत होतं.

त्याच वेळी बसवंतप्पा मागच्या दारातून आले. त्यांच्या हातात दोरीवरून काढलेला सदरा होता. सोमवार होता. पहाटे सदरे धुताना अक्कांचं लक्ष नव्हतं आणि सदऱ्याच्या पाठीवर निळा डाग पडला होता.

"हे बग," ते म्हणाले. "पांडरा कर म्हनलो, तर निळा केलीस. नीळ एवडी वतायची असती का?"

अक्कांनी सदऱ्याकडं बघितलं. मग ट्यूबकडं. मग आपांच्या डोक्याकडं. नऊ वाजले होते.

"शाहीन," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पिवळा सदरा पांडरा करायला आपन पान्यात पांडरं टाकतो का?"

"नै. नीळ डालते."

"पिवळं कशानं मरतंय?"

"नीळ से..." आपांचा आवाज चढला. "ऊदी से! गंगा, ऊदी से!"

अक्का उठल्या. बसवंतप्पांना काही कळलं नाही. ते म्हणाले, "सदऱ्याचं काय?" अक्का म्हणाल्या, "तुमचा सदरा सोन्यात मडवते, आता सरा मागं!"

त्यांनी मानेजवळची बारीक बट कापून घेतली. ट्यूब, पातळ डेव्हलपर, वाटी. "शीत ९.०५" असं फरशीवर लिहिलं. चौघंही त्या एका बटेभोवती वाकलो. पाचव्या मिनिटाला क्रीम गडद झाली. अक्कांनी पुसून बघितलं, पुन्हा लावली. नवव्या मिनिटाला धुतली आणि पुठ्ठ्यानं वारा घालून वाळवली. वारा बसवंतप्पांनी घातला. अक्कांनी बशी आणली आणि बट राखेवर ठेवली.

बट दिसेना.

"कुटं गेली?" बसवंतप्पा म्हणाले.

अक्का ओरडल्या. शब्द मला कळला नाही, कानडी होता. शाहीनआपा ओल्या केसांनिशी पाटावरून उठल्या आणि अक्कांनी त्यांना खांदे धरून खाली बसवलं. "बस! हलू नको! फरशी पुसल्याबिगर उटायचं न्हाई!" नऊ पंचवीसला सगळ्या डोक्याला लावायला घेतलं. अक्कांनी यावेळी पाच मिनिटांनी नाही, दर दोन मिनिटांनी बट पुसली. "नीळ दिसली की जास्त झाली," त्या पुटपुटत होत्या, "नीळ दिसली की जास्त झाली." नऊ चव्वेचाळीसला थांबवलं. मग धुणं, मग केस मऊ करणारी क्रीम, मग पुन्हा धुणं. दहा वाजून पाच मिनिटांनी शेवटचा मग. बसवंतप्पा म्हणाले, "बस चुकल, पळा." एवढंच म्हणाले.

मला बीदरला काम होतं, म्हणून मीही त्याच बसमध्ये होते. केस वाळायचे होते. अक्कांनी आपांना खिडकीशी बसवलं आणि दुपट्टा मागं घ्यायला लावला. वाऱ्यावर केस वाळत गेले तसे आणखी हलके होत गेले. सगळी बस वळून बघत होती. आपा आधी खाली बघत होत्या. जनवाड्याला बस थांबली. चढणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अक्कांना विचारलं, "ही बाई फारीनची का?"

"व्हय," अक्का म्हणाल्या. "ठाणाकुशनूरची."

त्यानंतर आपांनी मान वर केली ती बीदर येईपर्यंत.

पार्लरमध्ये पोचलो तेव्हा बारा पस्तीस झाले होते. मॅडमनी आपांना दाराशी, उजेडात नेलं. मुळं बघितली, टोकं बघितली. एक केस ओला करून ताणला. पांढऱ्या टॉवेलवर दहा वेळा कंगवा फिरवला आणि टॉवेल झटकून बघितला. अक्कांनी पिशवीतून शितांच्या पाच आगपेट्या काढून ओळीनं ठेवल्या आणि शेजारी कागदाची पुडी उघडली. पुडीत तुराटीची राख होती. मॅडमनी पेट्या एकेक करून उघडल्या. हसणाऱ्या दोन्ही मुली जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"टोनर कुठला लावला?" मॅडमनी विचारलं.

"ऊदा," अक्का म्हणाल्या.

शाहीनआपांनी अक्कांकडं बघितलं.

मॅडमनी टॉवेल घडी केला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "उद्या या."

"उद्या?" शाहीनआपा म्हणाल्या. "अब ये तीसरा कौनसा ऊदा निकाले? इस बार तूच जा के ला, गंगा!"

अक्का दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं बीदरला गेल्या. दोन महिन्यांनी माझी बदली लातूरला झाली. निघायच्या आधी मी त्यांना भेटायला पार्लरमध्ये गेले. तिथली फरशी चकचकीत आहे, तिच्यावर खडू उठत नाही. अक्कांच्या खुर्चीशेजारी टेबलावर शहाबादी फरशीचा एक तुकडा होता, पाटीएवढा, कडा घासून गुळगुळीत केलेला. तो बसवंतप्पांनी कापून घेतला होता आणि स्वतः बसमधून मांडीवर घेऊन आणला होता. हे मला अक्कांनी सांगितलं आणि शाहीनआपांनीही सांगितलं.

खुर्चीत एक कॉलेजची मुलगी बसली होती. तुकड्यावर खडूनं लिहिलेलं होतं: "लावलं ११.०५". भिंतीवरच्या घड्याळात अकरा चव्वेचाळीस झाले, तेव्हा अक्कांनी ते ओल्या बोटानं पुसलं. मी माझं घड्याळ बघितलं. अकरा चाळीस झाले होते.